वादळ सरेपर्यंत: शिडाच्या बोटीवर राहताना थांबण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शिडाची बोट ऑक्टोबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत कोकण, गोवा आणि कधी त्याखाली केरळपर्यंत फिरते. पावसाळ्यात ती जमिनीवर असते आणि आम्ही दोघं कोथरूडमध्ये. पुण्यात परतलो की लग्नात, भाजी घेताना, फोनवर, सगळीकडे तेच प्रश्न येतात. त्यातले बहुतेक "मग अडकलात तर काय करता?" याचीच रूपं असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात जे आलं ते दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खराब हवामान म्हणजे नेमकं काय? पाऊस पडत असेल तर निघत नाही का?

पावसाने फक्त आपण भिजतो, बोटीला त्याचं सोयरसुतक नसतं. आम्ही थांबतो ते वारा, लाटा आणि दृष्टी या तिघांसाठी. यातलं एक बिघडलं तर विचार करतो, दोन बिघडली तर नांगर उचलत नाही.

चौथी गोष्ट वाऱ्याची दिशा. गोव्याहून रत्नागिरीकडे येताना दुपारचा वायव्येचा वारा नाकावर येतो. वेग पंधरा-सोळा नॉट, म्हणजे वादळ वगैरे काही नाही. पण दिवसभर त्याच्याशी झुंजून पुढे सरकायचं किती, तर थोडंसं. अशा वेळी रात्री उशिरा सुटणाऱ्या मतलई वाऱ्याची वाट बघतो आणि पहाटे किनाऱ्याजवळून वर सरकतो. फार पहाटेही नाही, कारण अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत आणि इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला तर थांबणं सक्तीचं होतं.

२. किती वारा म्हणजे जास्त? बातम्यांत ताशी किलोमीटर सांगतात, तुम्ही नॉट म्हणता.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणजे बातमीतले "ताशी ५० ते ६० किलोमीटर" हे साधारण २७ ते ३२ नॉट.

लक्षात ठेवायची खरी गोष्ट वेगळी आहे: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा वारा ४० झाला की शिडावरचा, डोलकाठीवरचा आणि नांगरावरचा ताण दुप्पट नाही, चौपट होतो. शिवाय अंदाजात असतो तो सरासरी वेग, झोत त्याहून बरेच जास्त असतात. बोफोर्ट मापात सहावा क्रमांक २२ ते २७ नॉट, सातवा २८ ते ३३ आणि आठवा ३४ ते ४०. आम्ही दोघंच असतो, त्यामुळे सरासरी अंदाज सहाव्या क्रमांकात गेला की मुक्काम वाढवतो. सहा धडधाकट माणसांच्या बोटीने हाच नियम पाळावा असं नाही.

लाटांच्या आकड्यातही अशीच मेख असते. "लाटांची उंची २ मीटर" म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येणार हे धरूनच चालायचं.

३. अंदाज कुठे बघता? कुठलं ॲप सगळ्यात चांगलं?

ॲप म्हणजे फक्त खिडकी. आतली संगणकी हवामान-प्रारूपं महत्त्वाची, आणि बहुतेक ॲप्समध्ये ती त्याच दोन-तीन ठिकाणांहून येतात: युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघतो. दोघांचं पटलं तर थोडा विश्वास ठेवतो. नाही पटलं, तर जे आपल्या सोयीचं तेच खरं मानायचा मोह होतो. त्या क्षणी फोन खाली ठेवावा.

वेळ पाळा. जागतिक वेळेच्या मध्यरात्रीचं निरीक्षण म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. त्यावरचा ताजा अंदाज हाती येईपर्यंत आपली दुपार उजाडते. सकाळी सातला चहा घेताना दिसतो तो बहुधा आदल्या दिवशीच्या निरीक्षणांवरचा अंदाज असतो.

आपल्या किनाऱ्यासाठी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज हे दोन रोज वाचतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९४४ पर्यंत शिवाजीनगरला होतं. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाने समुद्राचं हवामान सांगावं, हे आम्हा पुणेकरांना अजिबात विचित्र वाटत नाही.

आणि शेवटचं साधन: बंदरातल्या होड्या. तांडेल, म्हणजे होड्यांचे कप्तान, नौका आत आणत असतील तर आपण बाहेर जायचं नाही. त्याचं कारण नंतर विचारता येतं.

४. नेटवर्कच नसेल तर?

मग बॅरोमीटर. आपल्या अक्षांशात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक साधारण ३ हेक्टोपास्कल. त्यामुळे दुपारी दाब उतरला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या-त्या वेळच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करायची. नेहमीपेक्षा ३ ने खाली असेल तर सावध व्हा. ५ ने खाली असेल तर वादळ जवळपास आहे असंच समजा. म्हणून हवा छान असतानाही आम्ही दर चार तासांनी आकडा वहीत लिहितो. कोरी वही वादळात उपयोगी पडत नाही.

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र डाव्या हाताला असतं. एवढं पाठ ठेवा.

५. पुण्यात रेड अलर्ट होता तेव्हा तुम्ही आरामात होतात, आणि ऊन होतं तेव्हा "अडकलोय" म्हणालात. हे काय?

रंगांचे इशारे बहुधा पावसाचे असतात. घाटमाथ्यावर अतिमुसळधार पाऊस म्हणजे ताम्हिणीत दरड, मुठेला पाणी, खडकवासल्यातून विसर्ग. त्याच वेळी एखाद्या खाडीत आतवर उभ्या बोटीला फक्त संततधार. "वाऱ्याचा वेग" आणि "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" या दोन ओळी वाचा, रंग नंतर.

उलट बाजू अधिक फसवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून वारा वाढतो, आकाश स्वच्छ किंवा धुळीने पांढुरकं, पावसाचा थेंब नाही, आणि बाहेर समुद्र उसळलेला. ग्रीसच्या एजियन समुद्रात तर ऐन उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा वारा निळ्याभोर आकाशाखाली दिवसेंदिवस वाहतो. तिथे मित्रांच्या बोटीवर होतो तेव्हा धक्क्यावर कॉफी पिणाऱ्या पर्यटकांना आम्ही आळशी वाटत होतो.

६. थांबायला जागा कशी निवडता?

या प्रश्नावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

पहिला प्रश्न असा की वारा कुठून येणार आणि नंतर कुठे वळणार. आत्ता ज्या किनाऱ्याचा आडोसा आहे त्याच्या उलट बाजूने वारा यायला लागला तर तोच किनारा बोटीच्या पाठीमागे येतो. डोंगर, भूशिर किंवा बेट वाऱ्याच्या बाजूला हवं. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं कमी मिळेल तितकी लाट लहान.

दुसरा तळ. चिकण चिखल उत्तम, घट्ट वाळू चालते, खडक नको. खडकात नांगर बसतो खरा, पण एक तर निघत नाही नाही तर अचानक सुटतो. तिसरी खोली, तीही ओहोटीची. चौथी बाहेर पडायची वाट, अंधारातसुद्धा दिसेल अशी.

कोकणात जयगड, विजयदुर्ग आणि देवगड ही आमची आवडती तीन ठिकाणं. जयगडला शास्त्रीच्या मुखाशी वळून आत गेलं की समुद्र मागे राहतो. विजयदुर्गला वाघोटनची खाडी. या जागा हेरणारे आम्ही पहिले नव्हे. किल्ले कुठे बांधलेत ते बघितलं तरी नांगरायच्या जागा सापडतात. देवगडचं बंदर तर तीन बाजूंनी जमिनीच्या कुशीत. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळात केरळ-तमिळनाडूकडच्या मच्छीमार बोटी इतक्या लांब येऊन तिथे आसऱ्याला थांबल्या होत्या.

अलिबाग, मुरूडसमोरचं पाणी उघडं आहे. दुपारी छान, मुक्कामाला नाही. मालवणला खडक इतके की अनोळखी माणसाने वाऱ्यात आत शिरूच नये.

मासेमारी बंदराच्या आत, नौकांच्या गर्दीत शिरून बांधणं मोहाचं असतं. आम्ही टाळतो. वारा वाढला की तीन-तीन रांगांत बांधलेल्या लाकडी नौका एकमेकींवर आपटतात आणि मध्ये फायबरची बोट असेल तर तिचा चुरा होतो. शिवाय ती जागा त्यांच्या पोटाची आहे.

७. एक नांगर एवढी मोठी बोट धरून ठेवतो? साखळी किती सोडायची?

नांगर आडव्या ओढीने रुततो आणि उभ्या ओढीने निघतो. साखळी भरपूर सोडायची ती ओढ आडवी राहावी म्हणून.

हिशेब असा. समजा ओहोटीला पाणी ५ मीटर आहे, भरतीने ३ मीटर वाढणार आहे आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून १.२ मीटर वर आहे. बेरीज ९.२. शांत हवेत याच्या पाचपट, म्हणजे ४६ मीटर. वारा येणार असेल तर सातपट, म्हणजे ६४ च्या पुढे. खडकवासल्यात शिकलेली मंडळी इथे हमखास भरती विसरतात, कारण धरणाचं पाणी सहा तासांत वरखाली होत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला फरक सर्वांत मोठा, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत कमी.

नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून तो ओढून बघायचा. हळू, मग जोरात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, देवळाचा कळस आणि मागचं झाड, आणि ती रेष हलत नाही ना बघायचं. तिथे हलला तर वाऱ्यात हलणारच.

साखळीचा ताण विंडलासवर ठेवू नका. ते यंत्र साखळी उचलण्यासाठी आहे, बोट धरण्यासाठी नाही. साखळीला आठ-दहा मीटर नायलॉनचा दोर अडकवून तो डेकवरच्या भक्कम खुंट्याला बांधायचा. त्याला स्नबर म्हणतात. नायलॉन ताणतं आणि झटका खातं. जिथे हा दोर काठाला घासतो तिथे जुन्या आगीच्या पाइपचा तुकडा चढवायचा. वादळात दोर ताणाने तुटण्यापेक्षा घासून तुटतो. रात्री दर दोन-तीन तासांनी उठून त्याचा हात-दोन हात भाग पुढे सोडायचा, म्हणजे घासण्याची जागा बदलते.

८. अशा रात्री झोप लागते का?

लागते, पण पाळीने. तीन-तीन तास. जागा असलेला कॉकपिटमध्ये किंवा जिन्यात बसतो. जीपीएसचा नांगर-गजर लावलेला असतो, तरी डोळ्यांनी बघायच्या खुणाही ठरवलेल्या असतात. रात्रीची खूण म्हणून गावातला दिवा धरू नका. कोकणात वारा सुटला की पहिली वीज जाते, आणि दिवा "हलला" का विझला हे अंधारात कळत नाही. दीपगृह बघा.

धोका बहुतेक वेळा आपल्या नांगराचा नसतो, वारा येतो त्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या नांगराचा असतो.

९. नांगरावर उभी असतानाही बोट लागते म्हणतात. खरं?

खरं, आणि चालत्या बोटीपेक्षा वाईट. बोट तोंड करते वाऱ्याकडे, पण लांबून येणारी लाट आडवी येते, मग ती रात्रभर डोलत राहते. उपाय म्हणजे मागच्या बाजूने दुसरा, हलका नांगर टाकून नाळ लाटेकडे वळवणं. वारा वाढणार असेल तर मात्र हे करू नका, कारण बोट वाऱ्याबरोबर फिरायला मोकळी हवी. आलं, सुकं खाणं आणि बोटीच्या मध्यभागी, खाली आडवं पडणं याने बरंच निभतं. गोळी घ्यायची तर आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

१०. खाता काय?

प्रेशर कुकर ही बोटीवरची सर्वांत सुरक्षित वस्तू: झाकण पक्कं बसतं, कलंडला तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो. वारा येणार कळलं की आदल्या दिवशी मुगाची खिचडी, उकडलेले बटाटे, दशम्या. पहिल्या दिवशी कुणाला भूक नसते, दुसऱ्या दिवशी दोघंही डबे हुडकतात. मग मेतकूट-भात, पिठलं. तळण बंद. उकळतं पाणी भरलेलं भांडं हातात घेऊन चालायचं नाही. शिजवणाऱ्याने ॲप्रन नव्हे, रेनकोटची विजार घालावी. गरम पाणी मांडीवर सांडतं.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह वापर झाला की बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साठतो. घराच्या स्वयंपाकघरात तो दाराखालून बाहेर तरी जातो.

११. पाणी आणि वीज किती दिवस पुरते?

टाकीवर आणि माणसांवर अवलंबून. पिण्या-शिजवण्याला माणशी तीन-चार लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवतो, त्याला आंघोळीसाठी हात लावत नाही. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र असलं तरी खाडीच्या गढूळ, तेलकट पाण्यात ते चालवायचं नसतं. आतला पडदा खराब होतो.

ढगाळ दिवसांत सौर पट्ट्या कामचुकारपणा करतात. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू देत नाही. पहिला बंद होतो तो फ्रिज. नांगर-दिवा शेवटपर्यंत चालू.

१२. तिथे बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करता येतं का?

येतं, पण ज्या दिवशी हवा बिघडते त्याच दिवशी नेटवर्क आणि वीज दोन्ही बिघडतात. मीटिंगचं कारण सांगून आडोसा सोडून टॉवरच्या जवळ नांगर टाकायला जाणारे लोक आहेत. त्यांनी प्रश्न १४ वाचावा.

१३. एवढ्याशा जागेत अडकून दोघांचं भांडण होत नाही?

होतं. विषय बहुतेकदा ओले कपडे. एकाने वाचायचं ठरवलं की दुसऱ्याने बोलायचं नाही एवढा एकच नियम आम्ही केला आहे आणि तो मोडला जातो. थांबण्याचे दिवस दुरुस्तीला सोन्यासारखे: शिडाची शिवण, पंपाचं रबर, दिव्याची वायर. ज्यांच्याकडे करायला काही नसतं ते निघायची कारणं शोधायला लागतात.

१४. दादा, आम्हाला दोन दिवस बोटीवर यायचंय. कुठे आणि कधी येऊ?

या दोन्हीपैकी एकच आम्ही सांगू शकतो. तारीख धरलीत तर ठिकाण आदल्या दिवशी कळेल: जयगड असेल तर तुम्ही कोल्हापूरकडून आंबा घाटाने या, दिघी असेल तर ताम्हिणीने. ठिकाण धरलंत तर तारीख आदल्या दिवशी कळेल. "शनिवारी सकाळी मुरूडला" हे जमत नाही, आणि न जमण्याला आम्ही फार मानतो.

हे ताठरपणाचं वाटतं, काही नातेवाईक रागावलेही आहेत. पण लहान बोटींच्या अपघातांचे अहवाल वाचले की एक गोष्ट परत परत येते: निघताना अंदाज वाईट होता, पण कुणाचं तरी विमान होतं, सोमवारी ऑफिस होतं, पाहुणे धक्क्यावर उभे होते. वारा बोट बुडवतो हे खरं, पण बोटीला त्या वाऱ्यात नेते ती तारीख. म्हणून आम्ही परतीचं तिकीट बोटीवरून निघाल्याशिवाय काढत नाही, आणि पाहुण्यांनाही सांगतो की एसटी, रेल्वे जे मिळेल त्याने परत जायची मनाची तयारी ठेवा. बोट तुम्हाला आणेल, नेईलच असं नाही.

सोमवारी कामावर हजर व्हायलाच हवं असेल तर रविवारी बोट सोडून गाडीने जा. बोट नांगरावर किंवा बांधून कुणाच्या तरी भरवशावर राहू शकते. हा पर्याय सगळ्यांना शेवटी सुचतो, तो आधी सुचायला हवा.

१५. वारा पडला की लगेच निघता?

नाही. वारा तासाभरात पडतो, समुद्र पडायला एक-दोन दिवस घेतो. वाऱ्याविना उरलेली लाट उलट जास्त त्रासाची, कारण शिडाला वारा नाही आणि बोटीला स्थिरता नाही.

खाडीतून बाहेर पडायचं असेल तर आणखी एक अडचण. दाभोळ, बाणकोट अशा मुखांशी वाळूचे उथळ पट्टे असतात. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट आत येते, आणि त्या दोघांच्या टकरीत पट्ट्यावर लाट उभी राहून फुटते. आतून बघताना हे दिसत नाही, कारण फुटणाऱ्या लाटेची पाठ आपल्याकडे असते. भरती पूर्ण होत आली असताना, उजेडात, आणि एखादी स्थानिक होडी सुखरूप बाहेर गेल्यावर निघायचं. शंका असेल तर पुढची भरती साडेबारा तासांनी येतेच.

१६. डोलकाठी एवढी उंच, वीज पडली तर?

पडू शकते. डोलकाठी आणि तिच्या तारांना हात लावायचा नाही, शक्यतो खाली केबिनमध्ये बसायचं. हातातला व्हीएचएफ रेडिओ, जास्तीचा जीपीएस आणि फोन ओव्हनमध्ये ठेवतो. धातूच्या पेटीत ते वाचण्याची शक्यता वाढते, खात्री नाही. ओव्हन पेटवण्याआधी ते बाहेर काढायचे, हे दारावर चिठ्ठी लावून ठेवलं आहे.

१७. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय?

त्या बंदरात जोराचे वारे येण्याची शक्यता. १ आणि २ हे दूर समुद्रातल्या वादळाविषयी. ३ आणि ४ स्थानिक. ५ ते ७ धोका, ८ ते १० मोठा धोका, आणि ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे. मच्छीमार बावटा म्हणतात, प्रत्यक्षात दिवसा वेगवेगळ्या आकारांच्या खुणा आणि रात्री दिवे असतात. तीन लागला की आम्ही निघत नाही.

१८. चक्रीवादळ येत असेल तर बोटीवरच थांबता का?

नाही. या एका प्रश्नाला आमच्याकडे "परिस्थितीवर अवलंबून" असं उत्तर नाही.

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान कोकणावर आलं. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागा झोपल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते संपूर्ण किनाऱ्याला घासत गुजरातला गेलं. म्हणजे आमच्या फिरण्याच्या हंगामाची दोन्ही टोकं यात सापडतात. मेच्या सुरुवातीला बोट उचलतो ती त्यासाठीच.

हवामान खातं सतत ३४ नॉटच्या पुढच्या वाऱ्याला चक्रीवादळ म्हणतं, ४८ पासून तीव्र, ६४ पासून अतितीव्र. ६४ नॉटला ताण किती, ते प्रश्न २ मधल्या वर्गाच्या हिशेबाने काढा.

अंदाजातली रेघ ही रेघ नसते. दर्यावर्दींचा १-२-३ नियम असा: २४ तासांनंतरच्या जागेभोवती ३४ नॉट वाऱ्याचा जो घेर दिला असेल त्यात १०० सागरी मैल मिळवा, ४८ तासांसाठी २००, ७२ तासांसाठी ३००. त्या घेरात आपण असू तर तयारी सुरू. जाऊन वाचण्याइतका वेळ असेल तर लांब जा. नसेल तर बोट जमिनीवर उचला, किंवा खाडीत जितकं आत जाता येईल तितकं, तिवरांच्या आडोशाला.

मग सगळी शिडं उतरवायची, नुसती गुंडाळून बांधायची नाहीत. गुंडाळलेलं पुढचं शीड वाऱ्यात सुटतं आणि बोट घेऊन जातं. छत, कनात, सौर पट्ट्या, सायकल, सगळं काढायचं. नांगर सगळे टाकायचे, वेगवेगळ्या दिशांना, कारण वादळाचा डोळा वरून गेला तर वारा नेमका उलट्या दिशेने परत येतो. दोर दुप्पट, घासण्याच्या जागी वेष्टण. कागदपत्रं, पैसे, औषधं घेऊन उतरायचं आणि पक्क्या इमारतीत जायचं.

बोट परत मिळते. न मिळाली तर दुसरी मिळते.

१९. पावसाळ्याचे चार महिने बोटीवरच राहिलं तर?

पश्चिम किनाऱ्यावर उघड्या पाण्यात राहू नका. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद होतात, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. मराठ्यांचं आरमारही या काळात छावणीला जात असे. कोचीसारख्या ठिकाणी आतल्या पाण्यात बांधून राहणारे आहेत. त्यांना बुरशी आणि कंटाळा यांच्याशी लढावं लागतं, वाऱ्याशी कमी.

२०. खडकवासल्यात शीड चालवायला शिकलोय. पुरेसं आहे?

शीड आणि वारा समजायला उत्तम. सह्याद्रीवरून उतरणारे लहरी झोत समुद्रापेक्षाही जास्त शिकवतात. पण भरती, नांगर, लांबून येणारी लाट आणि रात्र हे चार विषय तिथे नाहीत. ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून शिका.

२१. आडोसा लांब असेल तर भर समुद्रात थांबता येतं का?

येतं. हीव्ह टू नावाची युक्ती आहे: मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, लहान करायचं, पुढचं शीड उलट्या बाजूला ठेवायचं आणि सुकाणू असं बांधायचं की दोन्ही एकमेकांना रोखतील. बोट वाऱ्याशी तिरकी होऊन अगदी सावकाश बाजूला सरकते आणि आतला गोंगाट एकदम कमी होतो. जेवता येतं, झोपता येतं. प्रत्येक बोटीला हे सारखं जमत नाही, म्हणून हलक्या वाऱ्यात आधी करून बघा. बाजूला सरकण्याइतकं मोकळं पाणी मात्र हवं. लाटा फुटायला लागल्या की हे पुरत नाही, मग मागून द्रोग, म्हणजे पाण्यात ओढला जाणारा वेगरोधक, ओढत वेग कमी ठेवणं वगैरे पुढचे उपाय.

१९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ नौकास्पर्धकांचा जीव घेतला. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, पण त्या शर्यतीत बुडाल्या फक्त ५. बुडायच्या आधी बोट सोडू नका, हा धडा तिथून घेतला जातो. प्रश्न १८ शी याचा विरोध नाही: तिथे आपण वादळाच्या आधी, पायांखाली जमीन असताना उतरतो.

२२. थांबणंच चुकीचं ठरेल अशी वेळ येते का?

येते. वारा फिरला आणि किनारा पाठीमागे आला, नांगर सरकायला लागला, अंधार व्हायला दोन तास आहेत. अशा वेळी "बघू थोडा वेळ" म्हणणं महागात पडतं. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी बोटीचा शत्रू आहे, खोल समुद्र तितका नाही. म्हणून नांगर टाकतानाच ठरवतो की वाऱ्याची दिशा अमुक झाली किंवा वेग तमुक झाला की निघायचं, आणि बाहेरची वाट जीपीएसमध्ये नोंदवून ठेवतो. साखळीच्या बोटीवरच्या टोकाला दोर बांधलेला असतो. उचलायला वेळ नसेल तर तो कापून, टोकाला बोया लावून साखळी सोडून द्यायची. नांगर नंतर शोधता येतो.

२३. परदेशात असताना हवामानामुळे व्हिसाची मुदत संपली तर?

आपोआप सूट मिळते असं धरू नका. मुदत संपायच्या आधी, अंदाजाची छापील प्रत घेऊन बंदर अधिकाऱ्यांकडे जा. बाहेर पडण्याचा परवाना घेतल्यावर ठरावीक तासांत निघावं लागतं असे बरेच देश आहेत, म्हणून हवा नक्की होईपर्यंत तो शिक्का मारून घेऊ नका.

२४. विमा कंपनी वादळाचे पैसे देते?

पॉलिसीत कुठल्या महिन्यांत बोट कुठे असायला हवी हे लिहिलेलं असतं. ते कलम आधी वाचा.

२५. घरच्यांनी काळजी कधी करायची?

पुण्यात एकाच माणसाकडे आमचा आराखडा असतो: कुठून निघालो, कुठे जाणार, बोटीवर कोण, बोटीचा रंग, आणि "अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर" ही वेळ. ती वेळ पोचण्याच्या अंदाजापेक्षा बरीच पुढची असते, कारण टॉवर नसणं ही आणीबाणी नव्हे. त्या वेळेच्या आत गटावर "काही कळलं का?" विचारत बसू नये. ती वेळ उलटली तर मात्र वाट न बघता तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचा आणि आराखडा वाचून दाखवायचा. बोटीवरून आम्ही व्हीएचएफच्या १६ व्या वाहिनीवर बोलतो. त्याचा पल्ला संपला तर ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बोया आहे. तो नोंदवताना संपर्क म्हणून पुण्यातल्या त्याच माणसाचा नंबर दिला आहे, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला तर त्याने उचलावा.